गावठाणाची कोरी जागा

इंदापूर किंवा बारामती तालुक्यातल्या कुठल्याही गावाचा जुना मोजणी नकाशा टेबलावर पसरा. शेतांच्या हद्दी बारीक रेघांनी आखलेल्या, ओढ्याची वळणं, विहिरी, वाटा, हद्दीचे दगड, सगळं जागच्या जागी. मधोमध मात्र एक वाकडातिकडा घेर असतो आणि त्यात एकच शब्द लिहिलेला असतो, गावठाण. आत काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं ज्या जागेत जन्मली, भांडली, बोहल्यावर चढली, ती जागा नकाशानं कोरी ठेवली आहे.

भूकरमापक म्हणून माझी सगळी नोकरी याच दोन तालुक्यांत झाली. तेहतीस फुटी साखळीनं सुरुवात केली आणि निवृत्त होताना हाताखालची पोरं मशीन घेऊन फिरत होती. साखळीचे सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हा हिशेब अंगात इतका मुरला आहे की आजही कुणाच्या घरी गेलो की मनातल्या मनात ओटीचं माप घेतो. जुन्या वास्तूंबद्दल मी जे सांगतो ते या मापाच्या सवयीतून सांगतो. बुरूज कोणत्या शतकातला हे मला दगडावरून ओळखता येत नाही, पण त्याच्या पायथ्याची जमीन कागदावर कुणाच्या नावे आहे आणि ती तशी का झाली, हे सांगता येतं.

आमच्या खात्याला इंदापूर म्हणजे माहेर. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी पुणे जिल्ह्याची शेतजमीन मोजायला घेतली, तेव्हा पहिला प्रयत्न रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्यानं १८२७-२८ पासून केला. हा इंग्लंडमध्ये माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकून आलेला. जमिनीचं उत्पन्न काढायचं, त्यातून खर्च वजा करायचा, उरलेल्या निव्वळ नफ्याचे ५५ टक्के सरकारनं घ्यायचे, असं त्याचं गणित. कागदावर गणित सुरेख होतं. जागेवर कारकुनांनी लाच घेऊन मापं आणि प्रती फिरवल्या, सारा पेलेना, आणि इंदापूर तालुक्यातले शेतकरी जमिनी पडीक टाकून निजामाच्या मुलखात निघून गेले. मग गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा इंजिनिअर लेफ्टनंट यांनी १८३५-३६ मध्ये याच तालुक्यात काम नव्यानं उभं केलं. मातीची खोली, तिचा पोत, चुनखड, उतार, पाणथळ बघून प्रत ठरवायची, आकार हलका ठेवायचा आणि तो तीस वर्षं हलवायचा नाही. ही पद्धत पुढे सबंध मुंबई इलाख्यात गेली. आज महाराष्ट्रात कुठंही सर्व्हे नंबर म्हणतात, त्याची पाळंमुळं इंदापूरच्या बरड रानात आहेत. 

आता या पद्धतीचा मतलब बघा. सारा बसायचा शेतजमिनीवर. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून गावठाणाच्या आत साखळी टाकण्याचं कारणच नव्हतं. मातीतला चुनखडीचा खडा ज्यांच्या नजरेतून सुटला नाही, त्यांनी गढीचा बुरूज नोंदवला नाही. पुढे मोठ्या गावांत आणि शहरांत नगर भूमापन झालं, मिळकत पत्रिका आल्या. बाकीची गावठाणं थेट आपल्या डोळ्यांदेखत मोजली जाईपर्यंत तशीच होती. त्यामुळे इकडच्या हरवलेल्या इमारती शोधायला गेलात तर पंचाईत ही, की जमिनीचा कागद इलाख्यात सगळ्यांत आधी इथं नीट झाला आणि घराचा कागद झालाच नाही.

त्या कोऱ्या जागेत काय होतं? आमच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात कौलांचं कौतुक कमी. माळवदाची घरं. दगडमातीच्या जाड भिंती, वर बाभळीच्या नाहीतर ऐपत असेल तर सागाच्या तुळया, त्यावर आडवी लाकडं, वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत गार आणि वर झोपायला हवेशीर. दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकावी लागे आणि ती माती कुठली, तर गावातल्या पडक्या गढीची. पाटलाची किंवा देशमुखाची गढी म्हणजे खाली घडीव दगडाचं जोतं आणि वर पांढऱ्या मातीचे चिणलेले बुरूज. मालक परगावी गेला, वतनं गेली (परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं, पाटीलकी १९६२ च्या), की गढीचा वाली गेला. मग गाव तिला टोपलीटोपलीनं नेई. छपरावर नेई, शेतात खत म्हणून नेई. दगड विहिरीच्या बांधकामाला जात. शत्रूनं तोफा लावून पाडलेली एकही गढी मी या भागात मोजलेली नाही. ज्या पाहिल्या त्या सगळ्या गावानं घरच्या घरी, कुणालाही वाईट न वाटता संपवलेल्या.

अपवाद इंदापूर शहरातल्या गढीचा. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले सतराव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांचं नाव या गढीशी जोडलेलं आहे, आणि चाँदशाहवली बाबांचा दर्गाही इथलाच, ज्याच्या उरुसाला सगळं गाव लोटतं. मालोजीराजांची छत्री वेरूळला आहे हे बरेच जण जाणतात, ते पडले कुठं हे विचारलं तर पुण्यातली शिकलेली मंडळीही गप्प होतात. ही गढी टिकली ती पराक्रमाच्या आठवणीनं, असं भाषणात म्हणायला छान वाटतं. माझं मत वेगळं आहे. जुन्या कचेरीचा परिसर म्हणून ती टिकली. जिथं सरकारी शिपाई उभा असतो तिथली माती कुणी टोपलीत भरून नेत नाही. दर्ग्यालाही तेच लागू. तिथं रोज दिवा लागतो, रोज झाडलोट होते. अलीकडे दोन्हींच्या संवर्धनाचा विषय ऐरणीवर आला आहे, चांगलंच आहे. पण आजवर त्यांना संवर्धनानं राखलं नाही, राबत्यानं राखलं.

बारामतीत याचा आणखी मोठा दाखला उभा आहे. कऱ्हेच्या काठावर बाबूजी नाईकांचा वाडा. वाडा म्हणायचं, पण तटबंदी आणि बुरुजांमुळे लोक त्याला भुईकोटही म्हणतात. सदाशिव ऊर्फ बाबूजी नाईक जोशी हे पेशव्यांचे सावकार आणि सोयरेही. बाजीरावांची बहीण भिऊबाई ही बाबूजींचे भाऊ आबाजी नाईक यांना दिलेली. बाजीरावांच्या डोक्यावर जे कर्ज होतं त्यातला मोठा वाटा या बारामतीकरांचा, आणि मेहुण्याच्या घरचा तगादा म्हणून तो काही सौम्य झाला नाही. १७४० मध्ये बाजीराव गेले तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांनी शाहू महाराजांकडे पेशवेपदासाठी याच बाबूजींचं नाव पुढं केलं होतं. शाहूंनी नानासाहेबांना वस्त्रं दिली आणि पेशवाई बारामतीला येता येता राहिली. बारामतीत सत्तेच्या गोष्टी पारावर चघळायची चाल आजकालची नाही, एवढंच म्हणतो.

त्या नाईकांच्या आश्रयानं मोरोपंत इथं राहिले. पन्हाळ्यावर १७२९ मध्ये जन्मलेला हा पराडकरांचा मुलगा वडिलांमागोमाग नाईकांच्या पदरी आला आणि १७९४ च्या चैत्री पौर्णिमेला बारामतीतच गेला. मधल्या काळात आर्याभारत, केकावली आणि एकशे आठ रामायणं. त्यातलं एक तर निरोष्ठ, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठ मिटवणारी अक्षरं वगळून रचलेलं. शाळेत असताना आम्हाला मोरोपंत म्हणजे शिक्षा वाटायची. नोकरीत आल्यावर हा माणूस मला आवडायला लागला. मात्रा मोजून, तसूभर कमीजास्त होऊ न देता हजारो आर्या बसवणारा माणूस मोजणीदाराला जवळचा वाटणारच.

इंग्रजी अमलात नाईकांचा वाडा सरकारच्या हाती गेला. महसुली दप्तर, न्यायालय, पोलीस, अशी सरकारी कामं त्या तटाच्या आत चालली. बारामतीकराच्या आजोबांना हा वाडा बाबूजींचा म्हणून नव्हे, तर तारखेला जायची जागा म्हणून माहीत होता. तटाच्या सावलीत स्टॅम्पवाले, अर्ज लिहून देणारे, दाव्याला आलेली खेड्यातली माणसं भाकरी सोडून बसलेली. कचेरीनं त्या वाड्यावर पत्रे ठोकले असतील, भिंती रंगवल्या असतील, चौकटी बदलल्या असतील. तरी पाडला नाही. आता कचेऱ्या नव्या इमारतींत गेल्या, नदीकाठ आणि वाडा दोन्हींना नवं रूप आलं, सुट्टीच्या दिवशी मंडळी फोटो काढायला येतात. शेजारी सिद्धेश्वर आणि काशीविश्वेश्वर आहेतच, त्यांना पूजाअर्चेनं सांभाळलं.

मात्र कसब्यातले लहान वाडे बघायचे तर आता नशीब लागतं. त्यांना कचेरी मिळाली नाही, त्यांना वारस मिळाले. वाडे कसे गेले याचं माझ्याइतकं जवळून दर्शन फार थोड्यांना झालं असेल, कारण ते कापायला मलाच बोलवायचे. एका मिळकत पत्रिकेवर पणजोबाचं एक नाव. पुढच्या नोंदीला चार. त्याच्या पुढच्या नोंदीला चुलतभाऊ, बहिणी, नातू, परदेशी गेलेले, बेपत्ता झालेले धरून पानभर नावं. त्यात एखादी खोली भाडेकरूकडे, भाडं पूर्वीच्याच दरात अडकलेलं. गळकं छप्पर कुणी दुरुस्त करायचं यावर एकमत होत नाही, वाटणीवर मात्र कोर्टाच्या हुकमानं होतं. मग आम्ही जाऊन पोटहिस्से पाडायचो. एकदा माझी रेघ चौकातल्या तुळशीवृंदावनातून गेली, एकदा जिन्याच्या मधोमध. खालच्या पायऱ्या एका भावाच्या आणि वरच्या दुसऱ्याच्या. जिना अर्धा पाडता येत नाही म्हणून दोघांनी मिळून तो अख्खा पाडला, आणि माझ्या आठवणीत त्या दोघांनी एकदिलानं केलेलं ते एकमेव काम. पुढे तिथं तळघरात पार्किंग असलेली इमारत झाली. तिच्या नावात ‘वाडा’ आहे.

पश्चिम महाराष्ट्रात गांधीहत्येनंतर १९४८ च्या सुरुवातीला झालेल्या जाळपोळीनंही कितीतरी वाडे मोकळे केले, त्याचा विसर पडू नये. तरी हिशेब मांडला तर आगीपेक्षा वाटणीनं खाल्लेले वाडे जास्त, हे मी दप्तराच्या आधारानं म्हणतो.

आगीवरून सुपे आठवलं. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, १८७५ च्या दंग्याच्या वेळी भीमथडीत होतं. शहाजीराजांची जहागीर ‘पुणे-सुपे’ म्हणून आपण ज्याचं नाव घेतो तेच हे गाव. गोल्डस्मिड-विंगेटची तीस वर्षं इंदापुरात सगळ्यांत आधी भरली, म्हणून फेरजमाबंदीही १८६७ मध्ये इंदापुरातूनच सुरू झाली आणि तालुक्याचा सारा जवळपास दीडपट झाला. मधे अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो युद्ध संपताच उतरला. वाढलेला सारा भरायला शेतकरी सावकाराकडे गेला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारादिवशी जमावानं गुजर सावकारांची घरं आणि दुकानं फोडली, आणि बघता बघता दंगा इंदापूर, शिरूर, नगरपर्यंत पसरला. माणसांना मारण्यापेक्षा लोकांचा रोख कागदावर होता. खतं, रोखे, वह्या रस्त्यात आणून जाळल्या. चौकशी आयोग नेमला गेला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर ते कागद जळले हे बरंच झालं, आणि मी त्याच बाजूचा आहे. तरी मोजणीदाराचं मन चुकचुकतं. कारण घर गहाण पडायचं तेव्हा खतात त्याची चतुःसीमा लिहायचे. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस देऊळ, उत्तरेस वेस. नकाशानं जी जागा कोरी ठेवली, तिचं जे काही वर्णन कुठं होतं ते या सावकारी कागदांत होतं.

नीरा डाव्या कालव्याला १८८५ मध्ये पाणी आलं आणि पुढच्या पिढ्यांत बागायती पट्ट्याची घरं बदलली. ऊस, गुऱ्हाळं, मग कारखाने. कळंबच्या माळावर वालचंदनगर वसलं. १९१४ मध्ये दौंडहून बारामतीला छोटी रेल्वे आली ती गूळ बाहेर न्यायला सोयीची झाली. पैशाबरोबर वीट, चुना, मंगलोरी कौल आलं आणि माळवदं उतरू लागली. यात रडण्यासारखं काही नाही. ज्यांनी माळवदाखाली पावसाळे काढलेत, भांडी मांडून रात्र जागवलीय, ते स्लॅबला नावं ठेवत नाहीत.

उजनीची गोष्ट निराळी. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत, माढा या तालुक्यांतली पन्नासभर गावं पाण्याखाली गेली. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यात जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणी दरवाजांच्या खालीच. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात धरण शून्यावर येऊन थांबत नाही, ‘मायनसमध्ये’ जातं. २०२४ च्या जूनमध्ये ते उणे साठ टक्क्यांच्या घरात गेलं होतं. एवढं खाली गेलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. दगडी बांधणी, वर विटांचं शिखर, त्यावर लहान लहान शिखरांच्या ओळी रचलेल्या, भोवती वीरगळ. देव गावाबरोबर नव्या गावठाणात गेला, देऊळ राहिलं. दरवर्षी पाणी चढतं उतरतं, लाटा विटा सैल करतात, शिखराची पडझड चालूच आहे. तरीही ते इतकी वर्षं उभं आहे, आणि मला तर वाटतं की काठावर असतं तर याहून आधी गेलं असतं. पाण्याखाली असल्यानं त्याच्यावर ऑइलपेंट चढला नाही, पुढं सभामंडपाचा पत्रा आला नाही, गाभाऱ्याला बाथरूमच्या फरशा लागल्या नाहीत.

दिक्सळचा पूलही असाच. १८५८ च्या अखेरीस पुण्याहून निघालेली रेल्वे दिक्सळपर्यंत आली आणि पुढच्या दीड वर्षात सोलापूरला पोचली. तिच्यासाठी भीमेवर दगडी पूल बांधला. उजनीच्या पाण्यामुळे लोहमार्ग हलवावा लागला, तेव्हा रूळ काढलेला हा पूल करमाळ्याकडं जाणाऱ्या वाहनांच्या वाट्याला आला. उसाच्या ट्रॉल्या त्याच्यावरून गेल्या, एसटी गेली. रेल्वेचा पूल रेल्वेपेक्षा रस्त्यानं जास्त झिजवला. पण रस्ता नसता तर रूळांबरोबर त्याचे चिरेही लिलावात निघाले असते.

आणि या बुडालेल्या गावांबाबत एक गोष्ट अशी आहे की ती कळल्यापासून मी थोडा चक्रावलोय. भूसंपादनात जमिनीबरोबर घराचीही भरपाई द्यावी लागते. म्हणून पंचनामे होतात, मूल्यांकन होतं. भिंत दगडाची की मातीची, किती लांब, माळवद की पत्रा, चौकटी किती, लाकूड कोणतं, परड्यात झाड कोणतं, विहीर पक्की की कच्ची. म्हणजे ज्या गावठाणांत इंदापूरच्या पहिल्या मोजणीनं साखळी टाकली नाही, त्यांतली घरं सरकारनं मोजली ती बुडवण्याआधी. काठावरच्या, जिवंत राहिलेल्या शेजारगावाचा असा एक कागद नाही. धरणग्रस्तांनी तुळया, दरवाजे, उंबरे उतरवून बैलगाड्यांतून नव्या गावठाणात नेले. सिमेंटच्या घराला भलताच मोठा, कोरीव, ठेंगणा दरवाजा दिसला की समजावं, हा पाण्याखालून आलाय.

आता ड्रोनची मोजणी आली आहे. तिचा पहिला प्रयोग शेजारच्याच पुरंदर तालुक्यात सोनोरीला झाला आणि २०२० पासून स्वामित्व योजनेत देशभर गावठाणं मोजली जात आहेत. चुन्याच्या रेघा मारून मालक आपापली हद्द दाखवतात, वरून फोटो निघतात, सनदा मिळतात. खेड्यातल्या माणसाला घरावर कर्ज मिळेल, भांडणं कमी होतील, हे काम कधीच व्हायला हवं होतं. फक्त ड्रोनला छप्पर दिसतं, जोतं दिसत नाही. जिथं वाडा पडून नुसतं घडीव दगडाचं जोतं उरलंय, तिथं नव्या नकाशात मोकळी जागा येणार.

हल्ली खात्यातली पोरं अडलं तर फोन करतात. भीमेकाठच्या एका गावातून एकानं विचारलं, “काका, इथं कमरेइतकं जोतं आहे, चार पायऱ्या आहेत, वर काहीच नाही. हे बांधकामात धरायचं का?”

म्हटलं, “नियमानं मोकळी जागाच लिही. पण गावात कुणी म्हातारं असेल तर वाड्याचं नाव विचार आणि शेऱ्यात टाक.”

“शेऱ्याचा रकाना फार लहान आहे,” तो म्हणाला.

“मग बारीक अक्षरात लिही.”